ठिपक्यांचा कॅट

पुंडलिक आमच्या मागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं भाड्याने राहिला. हुबळीत गोकुळ रोडच्या आतल्या अंगाला आमचं घर आहे. माझे यजमान गेल्यावर एवढ्या घराचं मी एकटी काय करणार, म्हणून मागचा भाग वेगळा काढून दिला होता. तिथे पुंडलिक आणि त्याची बायको लीला येऊन राहिली. दोघं अळणावरकडच्या शेजारशेजारच्या खेड्यांतली. मूलबाळ नव्हतं. तो जवळच्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होता. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, मिठाईचे डबे, सगळं छापून झालं की कापायला त्याच्याकडे यायचं. लीला कपड्यांच्या एका कारखान्यात शिवलेल्या शर्टांचे सुटलेले धागे कापायची. दिवसभर उभं राहून तेच.

मी मराठी शाळेत शिक्षिका होते, तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. दोघंही मला बाई म्हणत. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या मागच्या पडवीत पत्त्यांचा डाव बसायचा. लीला आणि मी एका बाजूला, पुंडलिक आणि लीलाचा धाकटा भाऊ योगेश दुसऱ्या बाजूला. योगेश धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता, धारवाडात मित्रांबरोबर खोली करून राहायचा आणि रविवारी न चुकता बहिणीकडे जेवायला यायचा. आम्ही मेंढीकोट खेळायचो. लीला हातातले पत्ते कधी लावून धरायची नाही, आले तसेच धरायची. पण डाव संपत आला की कुणाकडे काय उरलंय ते सांगायची. "दाजी, ती किलवर दश्शी कुठवर लपवणार आता, टाका," असं योगेश पुंडलिकला म्हणायचा, कारण लीलाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलेलं असायचं की तिला सगळं कळलंय.

तिला साखर होती. अडतिसाव्या वर्षी निघाली. गोळ्या घ्यायची, चुकवायचीही. एका रविवारी तिनं चौकटच्या हातावर बदाम टाकला. आम्ही हसलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. तेव्हा ती म्हणाली, "डाव्या डोळ्यानं महिनाभर काय दिसत नाही बाई. ह्यांना सांगू नका." मी त्याच संध्याकाळी पुंडलिकला सांगितलं. दवाखाने झाले, लेझर झालं, डोळ्यांत सुया झाल्या. उजवा डोळा त्यातून वाचेल असं वाटत होतं. मग एका सकाळी भाकरी थापता थापता ती ओरडली, "अहो, डोळ्यात शाई सांडल्यागत झालंय." आत रक्त उतरलं होतं. त्या दिवसापासून तिला उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं.

काम सुटलं. ती पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि उजवा अंगठा पहिल्या बोटावर घासत राहायची, कात्री धरल्यासारखा. रविवारी योगेश आला तरी पत्त्यांचं नाव कुणी काढायचं नाही.

दीडेक महिन्यानं पुंडलिक छापखान्यातून पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन आला. लग्नपत्रिकांच्या कडा कापून उरतात ते. मला म्हणाला, "बाई, तुमच्याकडची ती जुनी खिडकीची काच मला द्या की."

मोठं मशीन चालवणारा माणूस, पण हे त्यानं सगळं हातानं केलं. मशीन मालकाचं, आणि बावन्न पत्त्यांसाठी ते कोण लावून देणार? मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. पुठ्ठ्यावर कागद डकवून वर पाटा ठेवला आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. मग काचेवर ठेवून, पोलादी पट्टी दाबून, कटरनं कापायला बसला. एका दाबात कापायचा नाही. हलके चार-पाच हात फिरवायचा, आणि शेवटच्या हाताला पुठ्ठ्याचा तुकडा आपोआप सुटून यायचा. "जोर लावला की कड चेचती," म्हणाला. कोपरे गोल करायला सुताराकडून अर्धगोल धारेची पटाशी मागून आणली होती. लाकडाच्या ठोकळ्यावर पत्ता ठेवून वरून एकच ठोका. बावन्न पत्त्यांचे दोनशे आठ कोपरे. मग सगळे पत्ते दोन फळ्यांमध्ये आवळून कडांवरून बारीक पॉलिश पेपर, त्यावर मेणबत्ती, त्यावर मऊ फडकं, आणि शेवटी पत्ते सरसर सरकावेत म्हणून पावडर. चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. लीलाला चित्रांचा उपयोग नव्हता, आम्हा बाकीच्यांना होता. माझे राजे सगळे एकाच तोंडवळ्याचे झाले.

खरं काम ठिपक्यांचं होतं. मी म्हटलं, अंधांसाठी छापलेले पत्ते मिळतात, चौकशी करू का? पुंडलिक म्हणाला, "ती लिपी हिला येत नाही. आणि बोटं कुठं आहेत हिची?" ते मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं कात्री धरून बोटांची कातडी घट्टे पडून मेली होती, आणि जी उरली होती ती साखरेनं बधिर केली होती. पहिल्या कॅटवर त्यानं चांभाराच्या आरीच्या टोकानं बारीक ठिपके उठवले होते. वरच्या कोपऱ्यात रंगाचे, एक म्हणजे इस्पिक, दोन म्हणजे बदाम असे, आणि खालच्या कोपऱ्यात आकड्याचे. लीलानं पहिला पत्ता हातात घेतला, बराच वेळ चाचपला, दुसरा घेतला.

"मला सगळं एकच लागतंय हो."

पुंडलिकनं सगळा कॅट पाणी तापवायच्या चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी नवी खळ शिजवली.

दुसऱ्या वेळी ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे केले. लीलाला ते कळले. पण पहिल्याच डावात योगेश हसायला लागला. "अक्का, तुझ्याकडं बदाम राजा आहे." आरी मागून टोचली होती, त्यामुळे पत्त्याच्या पाठीवर खड्डे दिसत होते, आणि समोर बसलेल्याला लीलाचा अख्खा हात वाचता येत होता. लीलाही हसली, पण पत्ते खाली ठेवून उठली.

तिसऱ्या वेळी पुंडलिकनं आधी फक्त वरचा कागद टोचला, उंचवट्यांच्या पोकळीत खळ भरून वाळवली, आणि मग त्याला पाठ चिकटवली. पाठ काचेसारखी सपाट. बोटांखेरीज कुणालाच काही कळू नये असा तो कॅट झाला. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही पुन्हा बसलो. प्रत्येकानं पत्ता टाकताना नाव मोठ्यानं सांगायचं, एवढाच नवा नियम. "इस्पिक सत्ती." "इस्पिक गुलाम." लीला दोन बोटं कोपऱ्यावरून फिरवायची आणि पत्ता काढायची. त्या दिवशी आम्ही दोघींनी त्यांच्यावर कोट चढवला. संध्याकाळी तिनं बऱ्याच महिन्यांनी स्वतः चहा केला, हात भाजून घेतला, आणि तरी कुणाला गॅसजवळ येऊ दिलं नाही.

योगेशला त्या ठिपक्यांचं फार कौतुक वाटलं. "अक्का, मला पण शिकव," म्हणाला. डोळ्यांवर टॉवेल बांधून तो बहिणीसमोर बसायचा आणि ती एकेक पत्ता हातात देऊन विचारायची. महिन्याभरात तो तिच्यापेक्षा लवकर ओळखायला लागला. लीलाला वाटलं, भाऊ आपल्यासाठी शिकतोय. मलाही तेच वाटलं. त्याच सुमाराला त्याचं बेलूरचं कंत्राट संपलं होतं आणि पुन्हा घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गणपती झाल्यावर तो दुकानातले दोन कोरे कॅट घेऊन आला. साधे, कागदी, लाल पाठीचे.

"दाजी, अक्काचे पत्ते जाड आहेत. पिसता येत नाहीत तिला. ह्यांच्यावर जमतंय का बघा."

ते खरं होतं. लीलाच तशी कुरकुरायची. पुंडलिकनं एक पत्ता पाण्यात भिजवून बघितला आणि नखानं त्याची पाठ पुढून सोडवली. मला बोलावून दाखवलं. "बघा बाई, उघडतंय." इतकं खूश झालेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. पत्ता उघडायचा, वाळवायचा, आतून ठिपका उठवायचा, पुन्हा चिकटवायचा, पाट्याखाली ठेवायचा. कडा मग जुळत नाहीत, म्हणून चारी बाजूंनी केसभर कापायचा, कोपरे नव्यानं मारायचे, घासायचा, मेण लावायचं. एक कॅट लीलासाठी ठसठशीत ठिपक्यांचा झाला. दुसऱ्याच्या वेळी योगेश म्हणाला, "हा गावाकडं ठेवतो. अक्का आईकडं आली की तिथं खेळायला. ह्याच्यावर जरा बारीक करा दाजी. दिसायला नको."

पुंडलिकनं बारीक केले. इतके बारीक की मी पत्ता उजेडात तिरपा धरून बघितला तरी काही दिसेना. "कसं काय जमलं हो?" मी विचारलं. तो नुसता हसला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी योगेश तो कॅट घेऊन गेला. जाण्याआधी लीलानं तो हातात घेऊन बघितला होता, एवढं मला आठवतं. तिनं तो परत दिला आणि म्हणाली, "चांगला झालाय."

दिवाळी पाडव्याच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास योगेशचा मित्र नागेश दाराशी आला. शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. "योगेशला दवाखान्यात टाकलंय. चला." बाकी काही सांगेना. पुंडलिक त्याच्याबरोबर गेला. लीलाला घेऊन मी रिक्षानं मागोमाग गेले.

काय झालं ते नागेशनं दवाखान्याच्या जिन्यावर बसून सांगितलं. कलघटगी रस्त्याला एका शेतातल्या शेडमध्ये दिवाळीत तीन पत्तीचा अड्डा बसतो. योगेश तीन दिवस तिथे जात होता, आपलाच कॅट नेत होता, आणि जिंकत होता. पत्ते वाटताना कुणाला काय गेलं ते त्याच्या बोटांना कळत होतं. तिसऱ्या दिवशी एकाला संशय आला. पत्त्यांवर खूण सापडेना. मग त्यानं त्याच कंपनीचा नवा कॅट मागवला, फोडला आणि योगेशच्या कॅटवर ठेवला. "अर्धा सूत," नागेश म्हणाला. "अर्धा सूतभर लहान होता, चारी बाजूंनी. मग त्यांनी पत्ता फाडला. आत ठिपका."

पुंडलिक भिंतीला धरून उभा होता. कडा जुळवायला केसभर कापलं होतं ते त्यानंच.

आधी त्यांनी योगेशची उजवी बोटं दगडावर ठेवून चेचली. मग पोटात, पाठीत लाथा घातल्या. नागेश मध्ये पडला तर त्यालाही ढकलून दिलं. योगेशला त्यांनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "यारु माडिद्दु? कुणी केलं हे?" योगेशनं नाव सांगितलं नाही. नागेशला ते माहीत होतं, त्यानंही सांगितलं नाही.

योगेश सहा दिवस जगला. मूत्रपिंडं बंद पडली होती. हात बांधलेला होता, त्यामुळे लीला त्याच्या पायाच्या अंगठ्याला धरून बसायची. चौथ्या दिवशी तो थोडा शुद्धीवर होता. लीलानं वाकून काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं की नाही, मला ऐकू आलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. गावाहून त्याची आई जनाबाई आली होती. तिला कुणी पत्त्यांचं सांगितलं नव्हतं, मारामारी झाली एवढंच सांगितलं होतं. पण नागेशचा जबाब घेऊन मर्तिकाला आलेल्या पोलिसांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे पत्ते तयार करणारा पुंडलिक कोण?" आणि पुंडलिक म्हणाला, "मी."

त्याला दोन दिवस चौकशीला बोलावलं. घरी येऊन पंचनामा झाला. काच, पट्टी, पटाशी, आरी, पॉलिश पेपरचे तुकडेसुद्धा पिशव्यांत भरून नेले. लीलाचे दोन्ही कॅट मुद्देमाल म्हणून गेले. जाड पत्त्यांचा कॅट नेताना मी हवालदाराला म्हटलं, "अहो, हा तिचा आहे. ती आंधळी आहे." तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "कोर्टातून परत मिळेल मेडम. अर्ज करा." लीला आतून म्हणाली, "साकु, पुरे बाई. नेऊ दे."

त्या आठवड्यात एकदा मी त्यांच्यासाठी भात-आमटी घेऊन मागे गेले. दार ओढलेलं होतं. आत दोघं बोलत होती. मी परत फिरायला हवं होतं. फिरले नाही.

पुंडलिक म्हणत होता, "तुझ्या बोटांना ते लागणारच नव्हते. एवढे बारीक. करताना माझ्या हातांना माहीत होतं. मला त्याच वेळी विचारायला पाहिजे होतं, हे कुणासाठी."

"मग का नाही विचारलं?"

पुंडलिक मग म्हणाला, "जमतंय का बघायचं होतं मला."

लीला रडत नव्हती. तिचा आवाज रोजच्यासारखा होता. "मी हातात घेतला होता तो कॅट. मला एक पण वाचता आला नाही. तेव्हाच कळलं, माझ्यासाठी नव्हे म्हणून. कशासाठी तेही कळलं."

"मग तू का नाही बोललीस?"

"त्याचं काम सुटलं होतं. मला सांगितलं होतं त्यानं. म्हटलं, सणाचे चार दिवस. काय होतंय."

मी ताट पायरीवर ठेवून आले. सकाळी ते तसंच होतं, मुंग्या लागलेल्या.

छापखान्याच्या मालकानं पुंडलिकला काढलं नाही, पण मशीनवरून हलवून खोकी बांधायला बसवलं. गल्लीतली माणसं त्याला बघून आवाज कमी करायची. माझ्या भावाचा धारवाडहून फोन आला. तो वकिलांकडे कारकून आहे. म्हणाला, "खून प्रकरण आहे ताई. असले भाडेकरू कशाला ठेवतेस?" मी म्हटलं, अकरा वर्षांपासूनची माणसं आहेत. पण ते म्हणताना माझा आवाज बारीक झाला होता, तोही त्यानं ऐकला असणार.

संक्रांतीनंतर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मोटारसायकल गेटबाहेर लावलेली. मी पुढच्या अंगणात तांदूळ निवडत होते. त्यानं मला नमस्कार केला आणि पत्ते करणारे पुंडलिक कुठे राहतात ते अगदी अदबीनं विचारलं. मला वाटलं, कोर्टाचा माणूस. मागे पाठवला. पाच मिनिटांत परत गेला. पुंडलिक बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाल पाठीचे सहा कोरे कॅट होते, आणि तो ते कुठे ठेवायचे हे न कळल्यासारखा उभा होता.

"काय म्हणाला?"

"तसेच करून द्या म्हणाला. फक्त माप बरोबर पाहिजे. अर्धा सूत पण कमी नको म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. हसला. ठेवा, विचार करा म्हणाला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला."

ते कॅट त्यानं त्याच दिवशी मागच्या नळाजवळ जाळले. आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात खरंच आला, पुन्हा आला, कधी हसून, कधी न हसता. तिसऱ्या वेळी त्यानं लीलाला विचारलं, "मामी, तुम्ही एकट्या असता काय दिवसभर?" एवढंच विचारलं.

त्या रविवारी पुंडलिकनं मला सांगितलं की ते गावी जाताहेत. लीलाच्या आईकडे. म्हातारी एकटीच आहे. मी म्हटलं, "बरं." थांबा म्हटलं नाही. पोलिसांत जाऊ या, मी येते तुमच्याबरोबर, असंही म्हटलं नाही. मला त्या माणसाची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सामान फारसं नव्हतंच. टेंपोत पुढे बसताना लीलानं हात पुढे केला, मी धरला. ती म्हणाली, "बाई, तुम्ही हुकूम फार लवकर बोलता. जरा थांबत जा." मग टेंपो गेला.

गेल्या वर्षी खटल्याची तारीख होती, तेव्हा पुंडलिक साक्षीला आला होता. माझीही साक्ष होती. आरोपींच्या वकिलानं त्याला विचारलं, फसवणुकीसाठी वापरलेले पत्ते तुम्हीच केले ना? तो "होय" म्हणाला. माहीत असून केले? त्यावर सरकारी वकील उठले, काहीतरी बोलणं झालं, प्रश्न मागे घेतला गेला. पुंडलिक तरीही म्हणाला, "होय." ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. आरोपी जामिनावर आहेत. त्यांतला एक बाहेर आमच्यासमोरच चहा पीत होता.

पावसाळा संपल्यावर मी त्यांच्या गावी जाऊन आले. जनाबाईचं घर लहान, मागे थोडी भाताची जमीन. पुंडलिक लोकांच्या शेतावर जातो. कापणीच्या वेळी मात्र विळा हातात धरत नाही, भारे वाहतो. लीलाच्या पायाला जखम झाली होती ती भरत नाही. दोन बोटं काढली आहेत. ती ओट्यावर बसली होती. माझा आवाज ऐकून तिनं मान वळवली, बसा म्हणाली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पत्त्यांबद्दल आम्ही कुणीच बोललो नाही. कोर्टात अर्ज करून मी तो जाड कॅट मिळवायचा प्रयत्न करते आहे, हे सांगायचं मी ठरवून गेले होते. सांगितलं नाही.

दुपारी जनाबाईनं पानं वाढली. मला वाढलं, लेकीचा हात धरून ताटात ठेवून दिला. पुंडलिक शेतावरून आला, हात-पाय धुऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्यापुढे म्हातारीनं भाकरी ठेवली, आमटी वाढली, पुन्हा भाकरी ठेवली. तो नको म्हणाला नाही, हवी म्हणाला नाही.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बसला वेळ होता. मी म्हटलं, "जनाबाई, पुंडलिकचा आधार आहे तुम्हाला."

"आहे की," ती म्हणाली. "लेकीचा नवरा हाय. दोन वेळचं वाढते. पोटाला कमी करत न्हाई." मग पदरानं तोंड पुसलं. "तोंडाकडं बघणं मात्र होत न्हाई बाई मला. तेवढं होत न्हाई."

बस आली तेव्हा ती माघारी वळली होती.